जिरायत बाग: प्रस्तावना

आपल्या मुलखातील जमिनीची जी विभागणी महसुलाच्या दफ्तरात पिढ्यानुपिढ्या चालत आली आहे, तिच्यात पावसावर पिकणारी ती जिरायत आणि विहिरीच्या अथवा पाटाच्या पाण्यावर पिकणारी ती बागायत, असे दोन ठळक वर्ग आहेत. आणि घराभोवती हौसेने केलेली बाग, तिचे क्षेत्र कितीही अल्प असले तरी, स्वभावतःच दुसऱ्या वर्गात मोडते अशी आपली इतकी पक्की समजूत झालेली आहे की, पाणी न देता राखलेली बाग ही कल्पनाच आपणांस वदतोव्याघातासारखी वाटते. प्रस्तुत पुस्तक या समजुतीची फेरतपासणी करण्यासाठी लिहिले आहे. दख्खनच्या पठारावर, विशेषतः सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या पूर्वेकडील पट्ट्यात, दिवसभर उन्हात तापणाऱ्या मोकळ्या जागेवर, एकदा लावली असता वर्षानुवर्षे टिकणारी, फारशी निगा न मागणारी आणि पाण्याचा ताण सोसणारी ठेंगणी पसरट झाडे लावून जमीन झाकता येते, आणि अशा बागेस जिरायत बाग म्हणण्यास कोणताही प्रत्यवाय नाही, एवढेच या पुस्तकाचे प्रतिपाद्य आहे.

अंगणात आखीव हिरवळ असावी ही आवड आपल्याकडे मुख्यतः एकोणिसाव्या शतकात आली. इंग्लंडात वर्षाच्या बाराही महिन्यांत थोडाथोडा पाऊस पडतो, ऊन सौम्य असते, आणि तेथे गवत कापणे हेच माळ्याचे मुख्य काम होऊन बसते. त्या देशातून आलेल्या अधिकाऱ्यांनी छावण्यांतील बंगल्यांच्या आवारात आपल्या गावाकडची आठवण म्हणून हिरवळी राखल्या, तर त्यात नवल नाही. पुण्यापुरते बोलावयाचे तर १८७०च्या दशकात खडकवासल्याचे धरण आणि मुठेचा उजवा कालवा झाला, शहरास आणि छावणीस त्याचे पाणी मिळू लागले, आणि पखालीच्या पाण्यावर जी चैन मूठभरांपुरती होती ती पुढे नळाच्या पाण्यावर मध्यमवर्गाच्या आटोक्यात आली. तथापि या चैनीचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर; वैशाखातील उन्हात हिरवळ खरोखर हिरवी ठेवावयाची तर तिला दररोज पाच-सहा मिलिमीटर पाणी द्यावे लागते; म्हणजे अवघ्या शंभर चौरस मीटरच्या तुकड्याला रोज पाचशे-सहाशे लिटर पाणी लागले, आणि तेही नेमके अशा दिवसांत की जेव्हा शेजारच्याच तालुक्यात टँकरची वाट पाहत बायका हंडे मांडून बसलेल्या असतात.

हिरवळ नको, तर मग जमीन उघडी ठेवावी काय, असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो, आणि त्याचे उत्तर निःसंदिग्धपणे नकारार्थी आहे. उघड्या जमिनीचा पृष्ठभाग उन्हाळ्यात दुपारी पन्नास अंशांच्या पलीकडे तापतो, वळवाच्या सरींचे टपोरे थेंब तिच्यावर आदळून माती विस्कटते, बारीक कण भेगांत आणि छिद्रांत बसून वर पापुद्रा धरतो, आणि त्यानंतरचा पाऊस आत मुरण्याऐवजी वाहून जातो. शिवाय उघडी जमीन फार काळ उघडी राहतच नाही. १९५५ साली पुण्यात ज्याची प्रथम नोंद झाली ते गाजरगवत अवघ्या काही दशकांत देशभर पसरले, ते प्राधान्याने अशाच मोडलेल्या, खणलेल्या, बेवारस जागांवरून. आणि ज्याने आपल्या अंगणाचा एखादा कोपरा एक पावसाळा मोकळा सोडला असेल त्यास हा इतिहास ग्रंथात वाचण्याची गरज नाही. सारांश, जमीन झाकावयाची आहे. प्रश्न एवढाच की कशाने.

आपल्या कामाच्या वनस्पतीने चार अटी पाळल्या पाहिजेत. ती बहुवर्षायु असावी, म्हणजे दरसाल पुन्हा बी पेरण्याची यातायात नसावी. तिला पूर्ण ऊन मानवावे. पावसाळ्यानंतरचे सहा-सात महिने तिने जवळजवळ स्वतःच्या बळावर काढावेत. आणि ती इतकी दाट वाढावी की तिच्या सावलीत तणाचे बी रुजू नये. या चार अटी एकदम लावल्या असता रोपवाटिकांतील पुष्कळशी लोकप्रिय नावे गळून पडतात. ऐन दुपारी फुललेला चिनी गुलाब डोळ्यांना कितीही सुखद वाटला तरी तो अल्पायुषी आहे आणि त्याचा गालिचा पुनःपुन्हा लावावा लागतो. नाजूक पानांचे नेचे आणि रंगीबेरंगी कोलियस सावली मागतात. वेडेलियाची पिवळी फुले बारमाही असतात खरी, परंतु त्याची भूक पाण्याची आहे. आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या या वेलीचे नाव जगातील अत्यंत उपद्रवी अशा शंभर आक्रमक जीवजातींच्या यादीत घातले गेले आहे, हे ओढ्याकाठी अथवा कालव्यालगत राहणाऱ्या बागवानाने तरी विसरू नये.

परदेशी पुस्तकांचा आधार घेण्यापूर्वीही सावधगिरी हवी. अमेरिकेतील डेन्व्हर नगराच्या पाणीखात्याने १९८१ साली अल्प पाण्याच्या बागेची कल्पना एका नव्या नावानिशी लोकांपुढे मांडली, आणि इंग्लंडातील एसेक्स परगण्यात बेथ चॅटो या विख्यात बागवान बाईंनी १९९०च्या दशकाच्या आरंभी मोटारी उभ्या करण्याच्या खडीच्या जागेवर जी बाग उभी केली तिला त्यांनी पाणी देण्याचे निग्रहाने नाकारले. हे दोन्ही प्रयोग आदरास पात्र आहेत. तथापि एसेक्सचा पाऊस सालिना सुमारे पाचशे मिलिमीटर, आणि आपल्या माण तालुक्याचाही जवळजवळ तेवढाच, हे पाहून जो कोणी तेथील यादी जशीच्या तशी येथे लावील त्याची निराशा ठरलेली आहे. पाऊस किती पडतो यापेक्षा तो कोणत्या ऋतूत पडतो, याला वनस्पतीच्या दृष्टीने अधिक महत्त्व असते. लव्हेंडर, थाइम आणि त्यांचे भूमध्यसागरी सोबती पाऊस थंडीत घेतात आणि उन्हाळा कोरडा काढतात. आपल्याकडे ऊब आणि ओल एकाच वेळी येतात, त्यामुळे ज्या झाडाने वैशाख सोसला ते श्रावणातील दमट हवेत मुळाशी कुजते, आणि माळी मात्र ते उन्हाने मेले असे समजून पुढच्या वर्षी अधिक पाणी घालतो.

ताण सोसण्याच्या वनस्पतींच्या युक्त्या अनेक आहेत, आणि त्या ओळखता आल्या की रोपवाटिकेत न विचारताही पुष्कळसे कळते. काही झाडे पानात अथवा खोडात पाण्याचा साठा करतात. काहींच्या पानांवर मेणाचा थर किंवा करड्या लवीचे आच्छादन असते, त्यामुळे ऊन परतते आणि वाऱ्याने ओल उडून जात नाही. काहींचे सोटमूळ खोल उतरते. तर काही आपला वरचा संसार आवरून कंदाच्या किंवा मुळाच्या रूपाने जमिनीखाली दडी मारतात. सर्वांत विलक्षण युक्ती पानफुटीसारख्या मांसल पानांच्या झाडांची आहे. ती पर्णरंध्रे दिवसा मिटून घेतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडतात, रात्री घेतलेला कर्बवायू आम्लाच्या रूपाने साठवतात आणि दिवसा दारे बंद ठेवून उन्हाच्या साहाय्याने त्याचे अन्न करतात. या गोष्टीचा पहिला स्पष्ट दाखला हिंदुस्थानातीलच आहे: ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिणेत असलेल्या बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीची पाने चावून पाहिली, तेव्हा ती पहाटे आंबट आणि दुपारी बेचव लागतात असे त्यास आढळले, आणि त्याचे हे निरीक्षण १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. ज्याच्या कुंडीत पानफुटी आहे त्याला हा प्रयोग उद्याच करता येईल.

आता प्रत्यक्ष वनस्पतींकडे वळू. पहिला मान हरळीचा. गणपतीस दूर्वा म्हणून वाहिली जाणारी आणि शेतकऱ्याकडून शिव्या खाणारी ही वनस्पती एकच. काळ्या रानात तिच्या काशा इतक्या खोल जातात की नांगरटीनंतरही ती उरतेच. हिरवळीचे जे दोष वर सांगितले ते हरळीचे नाहीत, तिला बारमाही हिरवी ठेवण्याच्या आपल्या हट्टाचे आहेत. पाणी तोडले तर ती माघ-फाल्गुनात पिवळी पडते, चैत्रात वाळते, आणि मृगाच्या दोन सरींनंतर आठवड्याभरात पुन्हा उभी राहते. मात्र जेथे फुलझाडांचे वाफे लागून आहेत तेथे तिला थारा देऊ नये, कारण कुंपण ती मानीत नाही.

जेथे माणसांची थोडीफार ये-जा आहे अशा ठिकाणी जलपिंपळी उत्तम. तळ्यांच्या आणि नद्यांच्या काठी सहज आढळणारी ही वेल पेऱ्यापेऱ्याला मुळे सोडीत जमिनीलगत सरपटते, तिच्या पांढऱ्या-गुलाबी बोंडांवर मधमाश्या आणि फुलपाखरे जमतात, आणि नावात जल असूनही एकदा मुळे धरल्यावर ती पाण्याचा खंड बराच काळ सोसते. तिच्याच कुळातील एका दक्षिण अमेरिकी भगिनीने ऑस्ट्रेलियातील मरे-डार्लिंग नद्यांच्या खोऱ्यात गुरांची कुरणे व्यापून मोठा अनर्थ केला आहे. यास्तव परदेशी रोप मागविण्यापेक्षा आपल्याच गावच्या ओढ्याकाठची मूठभर वेल आणून लावणे हेच शहाणपणाचे.

मुरमाड, उथळ आणि उतरत्या जागेसाठी विष्णुक्रांतेसारखी वनस्पती नाही. माळरानावर पावसाळ्यात आणि त्यानंतरही जी चिमुकली निळी फुले सकाळी उघडतात आणि दुपार कलताना मिटतात ती हिची. तिचे मूळ काष्ठमय असते, पानांवर लव असते, आणि शेणखताची मात्रा जास्त झाली तर ती उलट बिघडते. रोपवाटिकांत इव्हॉल्व्ह्युलस या नावाने जी विकली जाते ती हिची दक्षिण अमेरिकी बहीण होय. तिची फुले मोठी असतात, पण तिला पाणीही थोडे अधिक लागते. पुनर्नवा, जिला खेड्यांत घेटुळी म्हणतात आणि जिच्या कोवळ्या पानांची भाजी करतात, ही बागेत लावण्याचा विचार फारसा कोणी करीत नाही. तथापि तिचे जाड मूळ उन्हाळाभर जमिनीत जिवंत राहते आणि पहिल्या पावसानंतर तिच्या लालसर फांद्या चहूकडे वीतभर उंचीचे जाळे विणतात. विदर्भात उन्हाळ्याच्या तोंडी बाजारात येणारी चिवळ हीदेखील अशीच जमिनीलगत पसरणारी, पेऱ्यांना मुळे फुटणारी आहे. परसात तिचा एक वाफा असला म्हणजे आच्छादनाबरोबर भाजीचीही सोय होते.

रंगाची हौस असणाऱ्याने सेटक्रेसिया लावावी. मेक्सिकोतून आलेल्या या वनस्पतीची जांभळी पाने उन्हात अधिक गडद होतात, सावलीत फिकट हिरवट पडतात. तिचे खोड पाणी साठविते आणि वीतभर फाटा जमिनीत खोचला तरी लागतो. वसरी घाणेरी, म्हणजे जांभळ्या फुलांची जमिनीवर लोळणारी लँटाना, दगडी बांधावरून खाली सोडण्यास शोभिवंत आहे; परंतु तिची उभी वाढणारी सख्खी बहीण, आपली सर्वपरिचित टणटणी, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बागेतील शोभेचे झुडूप म्हणूनच या देशात आली होती आणि आज तिने जंगलेच्या जंगले व्यापली आहेत, हे लक्षात ठेवून रानालगतच्या बागेत लोळणारी लँटानाही लावू नये. मोठ्या आवारात, शाळांच्या मैदानांच्या कडेला अथवा कारखान्यांच्या पडीत जागेत, मारवेलीसारख्या देशी बहुवर्षायु गवताचा विचार करावा. ते गुरांनाही चालते. आणि कोकणात अथवा गोव्यात ज्याचे अंगण थेट वाळूत उतरते त्याने दुसरीकडे पाहूच नये, कारण मर्यादवेल हजारो वर्षे तेच काम फुकट करीत आलेली आहे: खाऱ्या वाऱ्यात, पोळणाऱ्या वाळूवर ती दहा-दहा हात पसरते आणि वाळूस जागच्या जागी धरून ठेवते.

वनस्पतींची निवड करण्यापूर्वी जमिनीची प्रतबंदी केली पाहिजे. १८३५-३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी पैमाश सुरू केली, आणि जिचे नियम पुढे १८४७च्या अहवालात एकत्र बांधले गेले, तिच्यात मातीची खोली आणि तिचा रंग पाहून, चुनखडी, वाळू, उतार असे दोष वजा करून, प्रत्येक तुकड्याची प्रत ठरवीत. सरकारचा हेतू साऱ्याचा आकार बसविण्याचा होता, बागवानाचा हेतू निराळा. पण रीत तीच उपयोगी पडते. पहारीने ठिकठिकाणी खड्डे घेऊन खाली मुरूम किती बोटांवर लागतो ते पाहावे. हातभर काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते, पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळून बारीक मुळे तोडते, म्हणून तेथे हरळी, मारवेल, पुनर्नवा अशी दणकट मुळांची झाडे. वीतभर मातीखाली मुरूम असेल तर विष्णुक्रांता, सेटक्रेसिया, कोरफड अशी पाण्याचा निचरा मागणारी झाडे. बांधकामाचा राडारोडा पसरून वर चार बोटे लाल माती टाकलेल्या नव्या इमारतींच्या आवारात तर ही तपासणी अपरिहार्य आहे, कारण तेथे झाड मरते ते बहुधा आत दडलेल्या चुन्या-सिमेंटामुळे, आणि दोष मात्र उन्हाला लागतो.

लावणीचा मुहूर्त सर्व प्रांतांत एकच नसतो. पुण्याच्या पश्चिमेस मृग-आर्द्रांत लावलेले रोप पुढील दोन महिन्यांच्या पावसावर सहज रुजते. परंतु माण, सांगोला, सोलापूर या बाजूंस मधल्या महिन्यांत मोठे खंड पडतात आणि भरवशाचा पाऊस भाद्रपदात येतो, म्हणून तेथे पूर्वा-उत्तरा नक्षत्रांच्या सुमारास, म्हणजे ऑगस्टअखेरपासून सप्टेंबरात, लावणी करणे अधिक श्रेयस्कर. कोरडवाहू शेतीचे जे पद्धतशीर प्रयोग १९२३ पासून पुण्याजवळ मांजरीस आणि पुढे १९३३ पासून सोलापुरास झाले, त्यांचाही भर पडलेला पाऊस जमिनीत मुरवून जपण्यावर होता. बागवानाने तोच धडा घ्यावा. लावणीपूर्वीच्या उन्हाळ्यात जमीन खोल खणून लव्हाळ्याच्या गाठी, आणि जेथे हरळी राखावयाची नाही तेथे तिच्या काशाही, वेचून उन्हात टाकाव्यात. रोपे एक फुटावर लावली तर शंभर चौरस फुटांस शंभर लागतात, नऊ इंचांवर लावली तर सुमारे पावणेदोनशे. दुसऱ्या हिशेबात खर्च अधिक, पण जमीन एका पावसाळ्यात झाकते आणि खुरपणीचे श्रम निम्म्यावर येतात.

अल्प निगा याचा अर्थ निगा नाही असा कोणी घेऊ नये. पहिल्या वर्षी हीच बाग हिरवळीइतके लक्ष मागते, फरक इतकाच की ते लक्ष पुढे ओसरत जाते. पावसाळा संपल्यावर रोज झारीने वरवर शिंपडण्याची सवय घातक आहे, कारण तिने मुळे पृष्ठभागालगतच रेंगाळतात आणि पाणी बंद होताच मरतात. त्याऐवजी वीतभर माती भिजेल इतके पाणी आठवड्याने, मग पंधरवड्याने, मग महिन्याने द्यावे, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात शक्य तो देऊच नये. रोपांमधील रिकाम्या जागेत दोन बोटे बारीक खडी अथवा पालापाचोळा पसरावा. खताचा हात आखडता ठेवावा, कारण भरपूर शेणखतावर वाढलेले लुसलुशीत झाड पहिल्याच झळीने मान टाकते.

यापुढील मुद्दा रुचीचा आहे, आणि माझ्या मते संपूर्ण विषयाचे मर्म त्यातच आहे. पाणी न देता टिकणाऱ्या बागेस विश्रांतीचा ऋतू असतो, आणि दख्खनमध्ये तो ऋतू उन्हाळा होय. कास पठारावर, जेथे कातळावर जेमतेम बोटभर माती आहे, भाद्रपदातील फुलांचे ताटवे पाहण्यास लोक लांबून येतात. त्याच पठारावर वैशाखात गेल्यास तांबडा खडक आणि वाळलेल्या काड्या याखेरीज काही दिसत नाही, पण म्हणून त्या पठारास कोणी उजाड म्हणत नाही, कारण कंद आणि बिया खाली शाबूत असतात. बागेच्या बाबतीत मात्र हे औदार्य आपण दाखवीत नाही. पुनर्नवा वाळली की माळ्यास बोलावून ती उपटून टाकतो, हरळी पिवळी पडली की नळ सोडतो, आणि झाडाने स्वतःच्या संरक्षणासाठी घेतलेली निद्रा हा रोग मानून त्यावर औषध करतो. जमीन झाकलेली असावी हा आग्रह रास्त आहे; ती बाराही महिने हिरवी असावी हा आग्रह उसना आहे, आणि तो सोडल्याखेरीज कमी पाण्याची बाग कोणत्याही वनस्पतींच्या यादीने सिद्ध होणार नाही. वाळलेले दाट जाळेही माती धरते, उन्हापासून तिचे रक्षण करते आणि पहिल्या पावसाचे पाणी अडविते; त्याचे काम चालूच असते, केवळ त्याचा रंग आपणांस रुचत नाही. ज्यांना उन्हाळ्यातही रंग हवाच आहे त्यांनी विश्रांती घेणाऱ्या झाडांच्या मधून सेटक्रेसिया, कोरफड आणि पानफुटी यांचे गट पेरावेत, म्हणजे दृष्टीस आधार मिळेल.

पुस्तकाची रचना या विचारास अनुसरून केली आहे. पहिल्या भागात जमिनीची प्रतबंदी आणि तयारी, दुसऱ्यात एकेका वनस्पतीचे वर्णन, तिसऱ्यात लावणी आणि पहिल्या तीन वर्षांचे कामाचे वेळापत्रक महिनावार दिले आहे. चौथा भाग ज्या वनस्पती मोहक असूनही लावू नयेत त्यांच्यासाठी राखून ठेवला असून, घाईत असलेल्या वाचकाने निदान तो तरी आधी वाचावा. औषधी गुणांची चर्चा हेतुतः टाळली आहे, कारण बागेतील ओळखीवरून काढा करण्याचा मोह अनर्थकारक ठरू शकतो.

अखेरीस एक व्यावहारिक विनंती. हे पुस्तक वाचून कोणी आपली सबंध हिरवळ एकदम उपटून काढू नये. घराच्या पश्चिमेकडील, दुपारनंतर भिंतीची झळ लागणारा, जेथे आजवर काही जगले नाही असा एखादा दहा चौरस फुटांचा तुकडा निवडावा, त्यावर दोन-तीन प्रकारची झाडे शेजारी शेजारी लावून एक पावसाळा आणि त्यापुढील एक उन्हाळा पाहावा, आणि त्यांपैकी जी आपल्या मातीत टिकतील त्यांचेच फाटे पुढील पावसाळ्यात उरलेल्या जागेत न्यावेत. रोपवाटिकेस एक पैसा अधिक न देता बाग वाढविण्याचा हा मार्ग आहे. आणि कोणत्या झाडास आपली जमीन मानवते याविषयी त्या दहा फुटांची साक्ष या पुस्तकातील कोणत्याही विधानापेक्षा अधिक ग्राह्य धरावी.